रान पड टाकायचं, पण कसं?

पीक न घेतलेल्या रानाची सातबाऱ्यावरच्या पीकपेऱ्यात ‘चालू पड’ किंवा ‘कायम पड’ एवढीच नोंद होते. शिवारात फिरलं तर पडीचे चार तरी प्रकार दिसतात. माण-खटावात पावसाळाभर कुळवून स्वच्छ ठेवलेलं, शाळूच्या (रब्बी ज्वारीच्या) पेरणीची वाट बघणारं रान ही एक पड. वाळव्यात उसाचा शेवटचा खोडवा (बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस) तुटून गेल्यावर चार महिने तसंच राहिलेलं रान ही दुसरी. मालक मुंबईत, म्हणून सात-आठ वर्षं कुसळी गवत आणि वेड्या बाभळीखाली गेलेला माळ ही तिसरी. आणि कृष्णाकाठी क्षार वर येऊन पांढरं फुटलं म्हणून सोडून दिलेलं रान ही चौथी. ‘रानाला विसावा दिला’ असं चारही ठिकाणी म्हणतात. मातीला खरा विसावा मिळतो तो तिसऱ्या रानात, पाचट (उसाचा वाळलेला पाला) न जाळता ठेवलं असेल तर थोडाफार दुसऱ्यात. पहिल्या रानात माती उपाशी राहते आणि चौथ्यात तर दर उन्हाळ्यात बिघडत जाते.

नव्याने शेतीत उतरलेल्यांसाठी, गावी परतलेल्यांसाठी आणि वडिलोपार्जित पडीक तुकडा हाती आलेल्यांसाठी हे लिहिलं आहे. आपली पड कुठल्या प्रकारची, हे आधी ठरवा. नांगरवाल्याला फोन त्यानंतर.

मातीत राहणाऱ्यांना खायला कोण घालतं

पिकाने पानात तयार केलेल्या साखरेचा एक हिस्सा मुळांवाटे मातीत पाझरतो. मुळाला चिकटून जी एक-दोन मिलिमीटरची माती असते, तिथे जिवाणूंची सगळ्यात जास्त गर्दी असते ती यामुळेच. त्यात भर पडते धसकटांची, गळलेल्या पानांची, मेलेल्या मुळांची. यावर जिवाणू, बुरशी आणि त्यांना खाणारे बारीक जीव जगतात. त्यांच्या चिकट स्रावाने आणि बुरशीच्या धाग्यांनी मातीचे कण बांधले जातात. भुसभुशीत, रवाळ माती म्हणतो ती हीच.

रान उघडं ठेवलं की हे येणं थांबतं. खाणारे मात्र तिथेच असतात. ते मग मातीत जुना साठलेला सेंद्रिय कर्ब खायला घेतात. आपल्याकडच्या उन्हात, मातीत ओल असेल तर हे काम फार वेगाने चालतं. इंग्लंडमधल्या रॉथम्स्टेड संशोधन केंद्रात एक तुकडा पन्नास वर्षांहून जास्त काळ एकही रोप उगवू न देता उघडा ठेवला आहे. तिथे जिवाणूंची संख्या खूप घटली, पण प्रकार जवळजवळ तितकेच राहिले. नवख्या शेतकऱ्याच्या कामाचं त्यात एवढंच, की उपाशी मातीत जिवाणूंचं बियाणं शिल्लक असतं, कमी पडतं ते खाणं. म्हणून बाटलीतले जिवाणू विकत आणून ओतण्याआधी मातीत मुळं कशी राहतील ते बघावं.

सेंद्रिय कर्बाचा हिशेबही एकदा करून ठेवा. एकरभर रानातली वरची १५ सेंटिमीटर माती साधारण ८ ते ९ लाख किलो भरते. कर्ब ०.१ टक्का वाढवायचा म्हणजे त्यात ८०० ते ९०० किलो निव्वळ कर्ब टिकून राहायला हवा. जे टाकतो त्यातला मोठा वाटा पहिल्या वर्षातच जिवाणू श्वासावाटे हवेत सोडतात. ‘एका हंगामात कर्ब दुप्पट’ असं कुणी सांगत दारात आलं, तर त्याला हा हिशेब मांडून दाखवायला सांगा.

उघड्या रानाचं वर्ष

एप्रिल-मेमध्ये काळ्या मातीचा वरचा थर दुपारी ५० अंशांच्या वर तापतो. बरेच जिवाणू मरतात, काही बीजाणू करून दडून बसतात, गांडुळं खोल जाऊन वेटोळं घालून पडतात. मग रोहिणीचा किंवा मृगाचा पाऊस पडतो. मातीचा जो वास येतो तो बराचसा स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या सूक्ष्मजीवांनी बनवलेल्या एका द्रव्याचा. त्याच दोन-तीन दिवसांत वाचलेले जिवाणू मेलेल्यांवर ताव मारतात आणि मातीत नत्र एकदम मोकळं होतं. मृगावर पेरलेलं पीक सुरुवातीला काळंभोर दिसतं त्याचं हे एक कारण.

रानात हे नत्र उचलायला मुळंच नसली, तर ते नायट्रेटच्या रूपात पाण्याबरोबर खाली उतरतं. भारी चिबड (निचरा नसलेल्या) रानात पाणी साचून राहिलं तर ते वायू होऊन उडून जातं. म्हणजे वर्षातला सगळ्यात मोठा फुकटचा डोस उघड्या पडीला मिळतो आणि वाया जातो.

दुसरं नुकसान दिसत नाही, म्हणून जास्त फसवं. मायकोरायझा नावाची बुरशी पिकाच्या मुळात शिरून राहते आणि मुळं पोचत नाहीत तिथलं स्फुरद आणि जस्त आणून देते. ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढूच शकत नाही. रान लांबलचक काळ तणविरहित ठेवलं की तिचे बीजाणू कमी कमी होत जातात. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंडमधली काळी माती आपल्या काळ्या मातीसारखीच. तिथे दीर्घ पडीनंतर सूर्यफूल, मका, जवस अशी पिकं खुरटी राहायची. मातीत स्फुरद होतं, पिकाला मिळत नव्हतं. १९८० च्या दशकात तिथल्या संशोधनातून कारण पुढे आलं ते हेच, मायकोरायझाची घट. आपल्याकडेही वर्षभर स्वच्छ ठेवलेल्या रानात मक्याची पानं जांभळी पडली आणि माती परीक्षणात स्फुरद व्यवस्थित असलं, तर हे आठवा.

पायरी पहिली: रानाला विचारून घ्या

प्रयोगशाळेचा नमुना तर द्याच. एकसारख्या रानातून ८-१० ठिकाणी इंग्रजी व्हीच्या आकाराचा २० सेंटिमीटर खड्डा घ्या, एका बाजूची माती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची खरवडा, सगळी मिसळा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत अर्धा किलो उरवा. बांधाकडेची, झाडाखालची, शेणखताचा ढीग होता तिथली माती घेऊ नका. अहवालात सेंद्रिय कर्ब ०.४० टक्क्यांच्या आत आला तर तो कमी समजतात, ०.२० च्या आत अत्यंत कमी. त्याच कागदावर सामू (पीएच) आणि क्षारताही बघा, पुढे लागणार आहेत.

जिवंतपणा मात्र या अहवालात दिसत नाही. त्यासाठी घरच्या घरी करायच्या या तपासण्या.

ढेकळाची तपासणी सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त सांगणारी. सुपारीएवढी तीन वाळलेली ढेकळं घ्या: एक पड रानातलं, एक शेजारच्या पिकातलं, एक बांधावरच्या गवताच्या मुळाशी असलेलं. काचेच्या तीन ग्लासांत पावसाचं किंवा बॅटरीसाठी मिळतं ते शुद्ध पाणी भरा. बोअरचं पाणी चालणार नाही, त्यातल्या क्षारांनी निकाल चुकतो. ढेकूळ अलगद सोडा आणि पाच मिनिटं हात न लावता बघा. बांधावरचं ढेकूळ बुडबुडे सोडत अख्खं बसून राहतं. उपाशी रानातलं एका मिनिटात कडेने ढासळून तळाशी मातीची रास होते. असं ढासळणारं रान पहिल्या सरीनंतर वरून कवच धरतं आणि पाणी वाहून जातं. ग्लास तसाच दोन तास ठेवा. ढेकळाभोवती दुधासारखा धुरकट ढग पसरत गेला आणि पाणी निवळलंच नाही, तर मातीत सोडियम जास्त आहे. ते चोपण रान, त्याचा मार्ग वेगळा.

पाणी मुरण्यासाठी ६ इंच व्यासाच्या पाइपचा वीतभर लांब तुकडा ३ इंच जमिनीत ठोका. आत प्लास्टिकचा कागद अंथरून साडेचारशे मिली पाणी ओता आणि कागद हळूच ओढून घ्या. हे साधारण एक इंच पावसाएवढं पाणी. ते मुरल्यावर पुन्हा तेवढंच ओता आणि दुसऱ्या वेळची मिनिटं मोजा, कारण पहिलं पाणी कोरडी माती आणि भेगा पिऊन टाकतात. पिकातल्या आणि पडीतल्या आकड्यात फरक किती ते बघायचं.

जुना शंभर टक्के सुती बनियन चार तुकडे करून पावसाळ्यात १०-१२ सेंटिमीटर खोल पुरा, खुणेला काठी रोवा आणि ६० दिवसांनी काढा. जिवंत मातीत शिवणीचा दोरा तेवढा हाती लागतो. उपाशी मातीत कापड डागाळतं पण ओढून फाटत नाही. माण, आटपाडी, जत भागात वाळवी हेच कापड आठवड्यात संपवते. कडेला मातीचे लेप आणि गोल कुरतडलेली भोकं दिसली तर तो तुकडा हिशेबात धरू नका. रान ओलं नसेल तरीही निकालाला अर्थ नाही.

गांडुळं श्रावणात मोजा: एक फूट लांब, रुंद, खोल माती काढून कागदावर फोडा. बागायतीत आठ-दहा मिळाली तर चांगलं. जिरायत मुरमाड रानात एकही नसणं साधारण गोष्ट आहे, त्यावरून रान मेलं असं ठरवू नका.

खरीप पड, रब्बी शाळू: माण, खटाव, आटपाडी, जत

ही पद्धत चुकीची म्हणणं सोपं आहे, पण तिच्यामागे हिशेब आहे. या भागात जुलै-ऑगस्ट वाऱ्यात जातो आणि भरवशाचा पाऊस सप्टेंबरात, परतीच्या वाटेवर येतो. काळी माती तो धरून ठेवते आणि उत्तरा-हस्तावर पेरलेला शाळू त्याच ओलीवर निघतो. तेव्हा खरीप पड बंद करा असा सल्ला आम्ही देत नाही. ती किती उघडी ठेवायची, एवढंच हातात आहे.

हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेच्या काळ्या मातीवर १९७६ पासून तुलना चालू आहे. पावसाळ्यात पड ठेवलेल्या रानातून दर वर्षी हेक्टरी साडेसहा टनांच्या आसपास माती वाहून जाते. रुंद वरंब्यावर खरिपातही पीक घेतलेल्या रानातून दीड टनाच्या आसपास. वाहून जाते ती वरची, कर्बाची आणि जिवाणूंची माती. तिथला पाऊस माणपेक्षा बराच जास्त, हे ध्यानात ठेवून हा आकडा वाचायचा.

करायचं काय, ते जमिनीच्या खोलीवर ठरतं. लोखंडी गज किंवा कुदळ घेऊन मुरूम किती खाली लागतो ते चार ठिकाणी बघा.

दोन फुटांपेक्षा खोल काळी माती असेल आणि जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत वीतभर खोल ओल गेली असेल, तर मूग किंवा उडीद पेरा. ६५-७० दिवसांत शेंगा तोडून पाला तिथेच कुळवता येतो आणि शाळूला बेवड (आधीच्या पिकाचा फायदा) चांगला मिळतो. ओल उशिरा आली तर मूग-उडदाच्या नादाला लागू नका. मग मटकी, हुलगा किंवा चवळी पेरायची आणि ऑगस्टअखेर, शेंगा धरो न धरो, हिरवीच कापायची. ही तारीख पाळणं सगळ्यात महत्त्वाचं. ‘अजून पंधरा दिवसांत शेंगा भरतील’ म्हणून थांबलं की हिरवं पीक सप्टेंबरचं पाणी पिऊन टाकतं आणि शाळू जानेवारीत मान टाकतो. खरिपातल्या आच्छादन पिकाला नावं ठेवणारे शेतकरी बहुतेक वेळा याच पंधरा दिवसांत फसलेले असतात.

कापलेलं गाडायचं की वर ठेवायचं? पुढे पाऊस दिसत असेल आणि पेरणीला तीन आठवडे असतील तर कुळवाने उथळ मिसळा. आभाळ कोरडं असेल तर वर पसरून ठेवा किंवा जनावरांना घाला. कोरड्या मातीत गाडलेला पाला कुजत नाही, पोकळी धरतो, आणि कुरीने (पेरणीच्या अवजाराने) पेरलेलं बी त्या पोकळीत पडून वाळतं.

फूट-दीड फुटावर मुरूम असेल तर पूर्ण रानात पीक घेऊ नका. उताराला आडवे, कुरीच्या तीन-चार पाळ्यांएवढे रुंद हुलगा-मटकीचे पट्टे पेरा आणि मधले पट्टे उघडे ठेवा. पट्टा वाहती माती अडवतो, मायकोरायझा त्याच्या मुळांत जिवंत राहतो आणि पुढच्या वर्षी पट्ट्यांची जागा बदलता येते.

कुळवाच्या पाळ्या मोजून घाला. प्रत्येक पाळीने माती उलटी-सुलटी होते, हवा लागते आणि जिवाणू साठवलेला कर्ब आणखी जोराने खातात. पाऊस पडून कवच धरलं आणि तण दोन पानांवर आलं की वाफशावर (अवजार नीट चालेल इतपत ओलीवर) एक पाळी, अशा हिशेबाने हंगामात दोन-तीन पुरतात. ट्रॅक्टर दारात आहे म्हणून दर पंधरवड्याला रोटर मारणाऱ्या रानाची माती पिठासारखी होते, आणि पीठ झालेल्या मातीवर पहिल्या मोठ्या सरीत पापुद्रा बसतो. पेरणीपूर्वी ६ मीटर बाय ६ मीटरचे किंवा १० बाय १० चे वाफे बांधले की सप्टेंबरचा पाऊस जागच्या जागी मुरतो. हे काम जुलैतच उरकून ठेवलं तर उत्तम.

शाळू काढल्यावर धसकटं वेचून चुलीला नेण्याची जुनी सवय आहे. निदान निम्मी तरी रानात राहू द्या.

मेंढरं बसवण्याचा या भागातला रिवाज मातीसाठी सोन्यासारखा. वाघरीच्या (जाळीच्या कुंपणाच्या) आत रात्रभर बसलेला कळप लेंड्या आणि मूत दोन्ही देतो. मूत उन्हात पडून राहिलं तर त्यातलं बरंचसं नत्र अमोनिया होऊन उडतं, म्हणून कळप हलला की लगेच कुळवाची हलकी पाळी घाला. एकाच जागी एक-दोन रात्रींपेक्षा जास्त बसवू नका, खुरांनी माती दबते. आणि उन्हाळ्यात मेंढरं वेड्या बाभळीच्या शेंगा खाऊन आलेली असतील तर बी लेंडीतून अख्खं पडतं. पावसाळ्यात ती रोपं हाताने उपटावी लागतील, ही तयारी ठेवा.

खोडव्यानंतरची पड: कराड, वाळवा, पलूस, मिरज

उसाच्या रानात अडचण वेगळी. पाणी आहे, मुळं आहेत, पण एकाच पिकाची. त्यात तोडणीच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी ओल्या रानात दाबलेली माती. शेवटचा खोडवा फेब्रुवारी-मार्चमध्ये तुटला आणि आडसाली (दीड वर्षाच्या उसाची) लागण जुलै-ऑगस्टात करायची, तर मधल्या चार-पाच महिन्यांत रानाचं भलं करता येतं.

पाचटाला काडी लावू नका, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. जाळल्यावर नेमकं काय जातं तर नत्र आणि गंधक बहुतेक सगळं धुरात, कर्ब सगळा हवेत, आणि वरच्या दोन-तीन सेंटिमीटर मातीतले जीव भाजून. राखेत पालाश उरतं, ते पहिल्या पावसात वाहतं. उरलेलं पाचट कुट्टी करून पसरा आणि टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट, १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक टाकून ओलं करा. युरिया कशाला, असं नवखे विचारतात. पाचटात कर्ब नत्राच्या शंभरपट असतो. जिवाणूंना अंग धरायला आठ भाग कर्बाला एक भाग नत्र लागतं, ते बाहेरून मिळालं नाही तर मातीतलं ओढून घेतात. तेवढ्या काळात त्या रानात काहीही पेरलं तरी पिवळं पडतं.

मग मेच्या शेवटच्या आठवड्यापासून ताग. पाणी देता येत असेल तर पावसाची वाट बघू नका. बी एकरी २० ते २५ किलो, वाफशावर पेरून हलकी फळी मारायची. ऊसासाठी ठेवलेलं स्फुरद थोडं तागालाच द्या, एकरी एक पोतं सुपर फॉस्फेट पुरतं. ताग ते वर उचलतो आणि गाडल्यावर उसाला परत देतो. त्या रानात आधी ताग किंवा चवळी कधीच नसेल तर बियाण्याला चवळी गटाचं रायझोबियम चोळा, १० किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं एक पाकीट, सावलीत, पेरणीच्या दिवशीच.

एक खबरदारी. उसात मारलेल्या तणनाशकाचा अंश राहिला असेल तर ताग उगवून करपतो. पेरणीपूर्वी दोन आठवडे त्या रानाची माती एका कुंडीत आणि घरामागची दुसऱ्या कुंडीत घ्या, दोन्हीत चवळीचे दहा-दहा दाणे टोका. रानातल्या कुंडीत पानांच्या कडा जळल्या तर भरपूर पाणी देऊन आणखी महिनाभर थांबा.

ताग ४५ ते ५० दिवसांवर, कळी दिसू लागली की गाडायचा. बुंधा हाताने वाकवला तर कट्कन मोडायला हवा. वाकून सोलपटं निघू लागली म्हणजे धागा धरला, आता तो तीन आठवड्यांत कुजायचा नाही. आधी नांगर चालणार त्या दिशेने फळीने आडवा पाडा, मग पलटी नांगराने १५ सेंटिमीटर खोल. त्याहून खोल गाडलं तर हवा मिळत नाही आणि तो आंबतो, कुळव लागला की घाण वास येतो. गाडल्यावर पाऊस नसेल तर एक हलकं पाणी द्या. लागण तीन आठवड्यांनी. नवखे इथेच घाई करतात: आठ-दहा दिवसांत सरी सोडून कांडी लावतात आणि मग बेणं सडलं म्हणून बियाण्याला दोष देतात. ताजा पाला कुजताना रोपांची मर करणाऱ्या बुरश्या आधी वाढतात आणि मग त्यांना खाणारे वाढून संतुलन येतं. तीन आठवडे लागतात ते त्यासाठी.

हळद, भाजीपाला किंवा डाळिंबाच्या रानात मुळांवर गाठी दिसल्या असतील तर सूत्रकृमी (मुळांत शिरणारे बारीक कृमी) आहेत. त्यांना उपाशी मारायला पड उपयोगी पडते, पण तण असलेली पड नाही. अनेक तणांच्या मुळांवर सूत्रकृमी आरामात जगतात. अशा रानात एप्रिल-मेमध्ये नांगरून महिनाभर तापू द्या आणि मग ताग किंवा झेंडू घ्या, या दोन्हीवर गाठीच्या सूत्रकृमीची वाढ नीट होत नाही. उन्हाळी नांगरटीने हुमणीच्या अळ्याही वर येतात आणि बगळे-कावळे त्या टिपतात. नांगरट सकाळी करा, दुपारच्या उन्हात पक्षी फिरकत नाहीत.

माती तापवण्याने चांगले जीवही मरतात, हे खरं. म्हणून रोग-सूत्रकृमी दिसत नसतील त्या रानात दर उन्हाळ्याला खोल नांगरट हा नियम करू नका. तीन-चार वर्षांतून एकदा, आणि पहिल्या पावसाबरोबर त्यात काहीतरी उगवलेलं असावं.

पांढरं फुटलेलं रान पड टाकू नका

कृष्णा-वारणेच्या काठावर पाणी वर आलेल्या रानात उघडी पड म्हणजे क्षारांना आमंत्रण. भूजल दोन-तीन फुटांवर असलं की माती दिव्याच्या वातीसारखी ते वर ओढते. पाणी उन्हात उडतं, मीठ वर उरतं. सावली देणारं पीक नाही, खाली ढकलणारं पाणी नाही, म्हणून दोन उन्हाळ्यांत पांढरा थर जाड होतो. इथे आधी निचरा: चर किंवा जमिनीखालून सच्छिद्र पाइप. त्यानंतर जून-जुलैत धैंचा एकरी २५ किलो, ४५ दिवसांत गाडायचा. सामू ८.५ च्या वर असेल आणि ढेकळाच्या ग्लासात ढग पसरला असेल तर जिप्सम लागतं, पण किती ते माती तपासूनच. निचरा नसताना टाकलेलं जिप्सम वाया जातं, कारण सुटलेला सोडियम जाणार कुठे? सांगलीजवळ कसबे डिग्रजला कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे, या जमिनींबद्दल तिथे विचारता येतं.

जुनी पड फोडताना

आठ-दहा वर्षं गवताखाली असलेल्या रानाची माती गावातल्या बहुतेक रानांपेक्षा चांगली निघते. ढेकळाच्या तपासणीत ते लगेच कळतं. हीच माती पहिल्या वर्षात सर्वांत जास्त नासली जाते, कारण ‘रान मोकळं करायचं’ म्हणून जेसीबी, आग, पलटी नांगर आणि रोटर एकापाठोपाठ फिरतात.

वेडी बाभूळ आणि घाणेरी बुडासकट उपटा, बुंधा ठेवून तोडली तर दुप्पट फुटते. गाजर गवत फुलायच्या आधी, पावसाने जमीन ओली असताना मुळासकट काढा, हातमोजे घालून. हरळी आणि लव्हाळा रोटरने तोडू नका, एका तुकड्याचे दहा होतात. उन्हाळ्यात मोगडून मुळं वर काढून वाळवायची.

गवत ऑगस्ट-सप्टेंबरात हिरवं असताना कापा. वाळून पिवळं झालेलं गाडलं तर पाचटासारखंच नत्र अडकवतं. नांगरट चार-पाच इंचच. मुरूम किंवा चुनखडीचा पांढरा थर वर आला की पीक केवड्याने पिवळं पडतं आणि तो थर पुन्हा खाली घालता येत नाही.

पहिलं पीक दणदणीत येतं, कारण मोडलेल्या मातीतला जुना कर्ब जिवाणूंनी खाऊन नत्र मोकळं केलेलं असतं. ती साठवण संपत जाते. त्याच वर्षापासून शेणखत आणि कडधान्याचा फेरपालट सुरू केला नाही तर तिसऱ्या वर्षी रान ‘दमलेलं’ वाटायला लागतं.

जावळी-पाटणच्या डोंगरउतारावरच्या वरकस रानात नाचणी, वरी घेऊन मग काही वर्षं सोडून द्यायची पद्धत होती. ती सोडलेली वर्षं झुडपाखाली जायची, उघडी नाही. तिथे पडीचं अंतर कमी करायचं असेल तर बांधबंदिस्ती आधी.

कुठलंही रान पड असेल तर ई-पीक पाहणीत ‘चालू पड’ किंवा ‘कायम पड’ अशी नोंद तुमच्या मोबाइलवरून वेळेत करा. कोरा राहिलेला पीकपेरा नंतर त्रास देतो.

पडीनंतरचं पहिलं पीक

वर्षभर स्वच्छ राहिलेल्या रानात पहिल्यांदा मका, सूर्यफूल, जवस घेऊ नका. बाजरी, मटकी, हुलगा घ्या. त्यांच्या मुळांवर मायकोरायझा पुन्हा वाढतो. मोहरी आणि कोबी-फ्लॉवर यांच्या मुळांत ही बुरशी राहत नाही, म्हणून त्यांचा बेवड इथे कामाचा नाही. मका घ्यायचाच असेल तर स्फुरद फेकून न देता बियाण्याच्या बाजूला दोन इंचांवर पेरून द्या आणि जस्त कमी असलं तर एकरी ८ ते १० किलो झिंक सल्फेट. मायकोरायझाचं खत बियाण्याजवळ पडलं तरच उपयोग, वरून फेकलेलं मुळापर्यंत पोचत नाही. विकत न घेता बांधावरच्या जुन्या गवताखालची मूठ-मूठ माती तासात टाकणारेही आहेत. ती चालते, फक्त हळदीच्या, वांगी-टोमॅटोच्या किंवा डाळिंबाच्या जवळची माती आणू नका, तिच्याबरोबर सूत्रकृमी येतील.

पीक तीन आठवड्यांचं झालं की रानाच्या चार कोपऱ्यांतून दोन-दोन रोपं खुरप्याने मातीसकट उचला आणि हलकेच झटका. मुळांना मातीचा मोजा चढल्यासारखी माती चिकटून राहिली तर जिवाणू कामाला लागले. मुळं पांढरी, धुतल्यासारखी स्वच्छ निघाली, तर पुढच्या पावसाळ्यात ते रान पुन्हा उघडं ठेवू नका, हुलगा टाका.